दुपारच्या मालिकांना एमी वेगळं कशाला?

दुपारची_झोप
मंडळी, प्रश्न माझा नाही, आईचा आहे.

आई गेले चार महिने आमच्याकडे न्यू जर्सीत आहे. पहिले पंधरा दिवस "रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं" हे पालुपद चालू होतं. मग एक दिवस मी ऑफिसातून लवकर घरी आले, तर बाई सोफ्यावर मांडी घालून, पुढ्यात पेपर पसरून गवार मोडतायत आणि समोर 'जनरल हॉस्पिटल' ही दुपारची मालिका चालू. इंग्रजी तिला 'थँक्यू' आणि 'नो एग'च्या पुढे येत नाही. मी विचारलं, तुला काय कळतंय? तर म्हणाली, "ती निळ्या ड्रेसवाली खोटं बोलतेय. आणि त्या बापड्याला आठवत नाहीये काही." मी नंतर नेटवर तपासलं. दोन्ही बरोबर!

परवा विचारते, "यांना बक्षिसं-बिक्षिसं मिळतात का?" मी सांगितलं, मिळतात, एमी म्हणजे अमेरिकन टीव्हीचे पुरस्कार, त्यात दुपारवाल्यांचा डेटाइम एमी म्हणून वेगळा सोहळाच असतो. संध्याकाळी ६ ते पहाटे २ पर्यंतच्या कार्यक्रमांना प्राइमटाइम एमी, उरलेल्या वेळेतल्यांना हे, अशी मूळची वाटणी होती. तर म्हणे, "म्हणजे पंगत वेगळी? का बरं? जेवण तर तेच ना?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला येत असेल तर द्या.

खारीबिस्कीट
मी पयला. काकूंना दंडवत. आमच्याकडे तीन वर्षं इंग्रजी सबटायटल लावून बघणाऱ्यांनाही कोण खोटं बोलतंय ते कळत नाही.

शंकासुर
थोडा इतिहास. १९७४ आधी दुपारच्या कार्यक्रमांना मुख्य एमीतच कुठेतरी कोपऱ्यात जागा मिळायची. १९७२ साली दुपारच्या मालिकेसाठीचं पारितोषिक 'द डॉक्टर्स'ला मिळालं, तेही असंच. १९७४ साली न्यू यॉर्कच्या रॉकफेलर प्लाझामध्ये पहिला स्वतंत्र सोहळा झाला. तिथेही सर्वोत्तम मालिका 'द डॉक्टर्स'च.

पुढे १९७७ साली हे पुरस्कार देणाऱ्या टीव्ही अकादमीचीच वाटणी झाली. हॉलिवूडवाल्यांनी रात्रीचे पुरस्कार घेतले, न्यू यॉर्कच्या संस्थेकडे दुपारचे, बातम्यांचे वगैरे आले. म्हणजे काकूंची पंगतीची उपमा थोडी दुरुस्त करायला हवी. पंगत वेगळी नाही, भावांनी चुलीच वेगळ्या केल्या.

आणि १९९० पर्यंत हा सोहळा टीव्हीवर दाखवायचे तेही दिवसाच. रात्रीच्या मुख्य वेळेत तो पहिल्यांदा आला १९९१ ला.

साडेतीनचा_चहा
शंकासुर, माहितीबद्दल धन्यवाद, पण मूळ प्रश्न तसाच राहिला. चुली वेगळ्या झाल्या हे 'कसं' झालं. 'का' झालं?

माझं मत सरळ आहे. दुपारी टीव्ही कोण बघतं? घरी असलेल्या बायका, म्हातारी माणसं, आजारी पोरं. त्यांच्यासाठी जे बनतं ते दुय्यम, हे आधीच ठरलेलं. म्हणून त्यांची बक्षिसंही वेगळ्या डब्यात. नावच बघा ना, सोप ऑपेरा. साबण विकणाऱ्या कंपन्यांनी पैसे घातले म्हणून साबण! रात्रीच्या मालिकांमध्ये गाड्यांच्या जाहिराती असतात, त्यांना कुणी 'टायर ऑपेरा' म्हणतं का?

खारीबिस्कीट
टायर ऑपेरा __/\__
हहपुवा (हसून हसून पुरेवाट)

पाटवरवंटा
साडेतीनचा_चहा (पुढे 'साचि'), असहमत. (दिवा घ्या, म्हणजे हलकेच घ्या.)

रात्रीची मालिका वर्षाला जास्तीत जास्त वीस-बावीस भाग करते. दुपारची रोज एक, वर्षाला अडीचशेच्या घरात. रात्रीवाल्यांना एका भागाला आठवडाभर किंवा जास्तच मिळतो. दुपारवाले एका दिवसात एकाहून जास्त भागांचं शूटिंग उरकतात. या दोघांना एकाच यादीत बसवलंत तर दुपारच्यांना जन्मात काही मिळणार नाही. शाळेच्या स्नेहसंमेलनात पाचवीचा गट आणि दहावीचा गट वेगळा ठेवतात, तो पाचवीला कमी लेखायला नाही.

साडेतीनचा_चहा
बघा, तुम्हीही त्यांना पाचवीतच बसवलंत.

पाटवरवंटा
:) उपमा चुकली. मागे घेतो.

एडिटवाला
या धंद्यात (मराठी मालिका, पोस्ट प्रॉडक्शन) चौदा वर्षं काढली म्हणून दोन शब्द.

पाटवरवंटांचा आकड्यांचा मुद्दा बरोबर आहे, पण रोजचा भाग काढणं म्हणजे काय ते आकड्यात दिसत नाही. आमच्याकडे घोडबंदर रोडला सेट होता. वर पत्रा. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की साउंडवाला हात वर करायचा आणि चाळीस माणसं गप्प बसून पत्र्याकडे बघत राहायची. पाऊस थांबला की पुन्हा तोच सीन, त्याच रडण्यासकट. बँक संपलेली. (बँक म्हणजे तयार भागांचा साठा, पैशांची नव्हे. ती तर कायमच संपलेली.) सकाळी शूट केलेलं दुपारी माझ्या टेबलावर आणि रात्री टेलिकास्टला. अशा वेळी एखादी नटी चौथ्या टेकला, नाकावर पावडरचा तिसरा थर असताना, खरोखर आतून काहीतरी करून जाते. ते मी एकटा बघतो, मॉनिटरवर. वर पार्श्वसंगीत चढलं की ते कुणाला दिसतही नाही.

अमेरिकन दुपारच्या मालिकांचा वेग आमच्याहून जास्तच. एकेका दिवसात शंभराच्या आसपास पानं संपवतात असं तिथले नट मुलाखतींत सांगतात. सहसा पहिलाच टेक. असं काम ज्याला येतं त्याला त्या कामासाठीच वेगळं बक्षीस असावं असं मला वाटतं. त्यात कमीपणा कसला?

राहिला आमच्याकडचा प्रकार. इथे वाहिनी स्वतःच्याच मालिकांना, स्वतःच, स्वतःच्या वाहिनीवर पुरस्कार देते. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, लोकप्रिय कुटुंब. लग्नघरातल्यांनी एकमेकांना आहेर करावा तसं. मी संकलित केलेल्या एका मालिकेतल्या खाष्ट सासूला बक्षीस मिळालं आणि दुसऱ्याच आठवड्यात लेखकाला निरोप आला की आता तिला थोडी प्रेमळ करा, लोकांना आवडायला लागलीय. संपली ना सासू!

कोकमसार
एडिटवाला, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावण्यासारखं.

डोंबिवलीकर_बाहेरचा
अवांतर आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९९२-९३. डोंबिवली पूर्व, चार मजली बिल्डिंग. केबलवाल्याने गच्चीवरून काळी वायर आमच्या खिडकीतून आत सोडली आणि स्टार प्लस आलं. तेव्हा ते सगळं इंग्रजीतच होतं. त्यावर 'सांता बार्बारा' आणि 'द बोल्ड अँड द ब्युटिफुल' लागायचं. आमच्या आजीला दुसऱ्याचं व्यसन लागलं. रिज फॉरेस्टरला ती 'रीझ' म्हणायची आणि ब्रूकला 'ती बुरूक'. बुरूकने आधी रीझच्या बापाशी लग्न केलं, मग रीझशी, मग मोडलं, मग परत केलं. आजी शेजारच्या मावशींना हे सगळं नात्यांसकट समजावून सांगायची. मावशींनी एकदा विचारलं, "मग आता ती त्याची आई की बायको?" आजी म्हणाली, "आज मंगळवार ना? आज बायको."

त्याच 'सांता बार्बारा'ला १९८८, ८९ आणि ९० अशी लागोपाठ तीन वर्षं सर्वोत्तम मालिकेचं डेटाइम एमी मिळालं होतं, हे मला नंतर कधीतरी कळलं. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, चुकीच्या मालिकेला दिलं.

शंकासुर
आजींना सांगायला हवं होतं की बोल्डलाही मिळालं. २००९, १०, ११, तीन वर्षं ओळीने. जरा उशिराच.

खारीबिस्कीट
"आज मंगळवार ना? आज बायको."
मेलो.

कोकमसार
एवढा वेळ झाला आणि सुझन लुचीचं नाव कुणी काढलं नाही? मग हा धागा कसला!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 'ऑल माय चिल्ड्रन' नावाची मालिका १९७० साली सुरू झाली. त्यात एरिका केन नावाची बाई: देखणी, स्वार्थी, नवरे बदलणारी, तरी प्रेक्षकांची लाडकी. ती भूमिका सुझन लुचीने पहिल्या वर्षापासून मालिका बंद होईपर्यंत, म्हणजे २०११ पर्यंत केली. १९७८ साली तिला मुख्य अभिनेत्री म्हणून पहिलं नामांकन मिळालं. हरली. पुन्हा नामांकन, पुन्हा हार. दर वर्षी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर रोखलेला आणि दुसरीचं नाव पुकारलं की हिचं हसून टाळ्या वाजवणं.

नंतर नंतर तो राष्ट्रीय विनोद झाला. १९९० साली ती 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या विनोदी कार्यक्रमात सूत्रसंचालनाला गेली, तर तिथे सुरुवातीलाच गंमत अशी की पडद्यामागची साधी माणसंसुद्धा आपापलं एमी घेऊन तिच्या समोरून जातायत. साखरेऐवजी वापरायच्या गोडव्याच्या एका जाहिरातीतही तिने स्वतःच्या हरण्यावर थयथयाट करून दाखवला. बाईला विनोदबुद्धी होती हे नक्की.

आणि या सगळ्यात कहर म्हणजे १९९५. 'ऑल माय चिल्ड्रन'मध्ये एरिकाच्या मुलीचं काम करणाऱ्या सारा मिशेल गेलरला तरुण अभिनेत्रींच्या विभागात एमी मिळालं. लेक घेऊन गेली, आई बसलेलीच!

१९९९, न्यू यॉर्क. एकोणिसावं नामांकन. शेमार मूर या नटाने पाकीट उघडलं आणि नाव घ्यायच्या आधीच ओरडला, "द स्ट्रीक इज ओव्हर!" (हरण्याची रांग संपली!) पुढचं ऐकू येईना. अख्खं सभागृह उभं राहिलं आणि कितीतरी मिनिटं खाली बसायला तयार नाही. व्हिडिओ मिळतो, बघा. मी दर वर्षी एकदा बघते आणि दर वर्षी नाक शिंकरते.

पाटवरवंटा
छान लिहिलंय. पण एक विचारतो: खरंच ती इतकी चांगली होती, तर अठरा वेळा का हरली? परीक्षक काय आंधळे होते?

कोकमसार
परीक्षक वर्षभराचं काम बघत नाहीत. नट आपलं निवडक काम पाठवतो, त्यावरून निकाल लागतो. त्यामुळे वर्षभर कोण चांगलं होतं याला अर्थ नाही, कुठला तुकडा पाठवला याला अर्थ. खूप रडारड, आरडाओरडा असलेला तुकडा पाठवावा की शांत? यावर तिथल्या चाहत्यांमध्ये वर्षानुवर्षं वाद चालतात. आणि त्याच काळात एरिका स्लेझाकसारखी बाई 'वन लाइफ टू लिव्ह'साठी पाच वेळा घेऊन गेली, तिलाही वाईट म्हणवत नाही.

एडिटवाला
हे शंभर टक्के पटलं. चुकीचा तुकडा पाठवणं हा कलाकारांचा जुना आजार आहे. त्यांना जिथे ग्लिसरीन जास्त लागलं तो सीन आवडतो. मी म्हणतो, ताई, जिथे तुम्ही दार लावून नुसत्या वळलात तो पाठवा. ऐकत नाहीत.

टिंब
वरच्या चर्चेत एक गोष्ट राहतेय. दुपारच्या मालिका म्हणजे नुसती लग्नं-घटस्फोट-स्मृतिभ्रंश असं आपण गृहीत धरतोय. १९६२ साली 'गाइडिंग लाइट'मध्ये अ‍ॅग्नेस निक्सनने एका गृहिणीला गर्भाशयाचा कर्करोग झाल्याची कथा लिहिली, बायकांनी पॅप चाचणी करून घ्यावी म्हणून. प्रायोजक आणि वाहिनीने परवानगी दिली, पण अट अशी की 'कॅन्सर', 'गर्भाशय' हे शब्द उच्चारायचे नाहीत! त्यांच्याशिवाय तिने ते लिहिलं आणि लोकांना कळलं. हीच बाई पुढे 'ऑल माय चिल्ड्रन'ची जन्मदाती, आणि १९७३ मध्ये, गर्भपाताला अमेरिकेत कायदेशीर मान्यता मिळाली त्याच वर्षी, एरिका केनने मालिकेत गर्भपात करून घेतला. रात्रीच्या बहुतेक प्रतिष्ठित मालिका अशा विषयांना भीत होत्या तेव्हाची गोष्ट आहे ही.

दुपारी कोण बघतं, तर बायका, असं साचि म्हणाले. बरोबर. म्हणूनच बायकांशी बोलायचं ते तिथे बोललं गेलं.

साडेतीनचा_चहा
टिंब, हे माहीत नव्हतं. आणि मी 'म्हणाले' नाही, 'म्हणाल्या'. :)
माझा राग मालिकांवर नव्हताच, डब्यावर होता.

टिंब
क्षमस्व! आयडीवरून घोटाळा झाला.

नुसतीवाचक
सहा वर्षं इथे नुसती वाचतेय, हा पहिलाच प्रतिसाद. चूकभूल सांभाळून घ्या.

डेटाइम एमी म्हटलं की मला मालिका आठवत नाहीत, फ्रेड रॉजर्स आठवतात. लहान मुलांच्या कार्यक्रमातले, स्वेटर घालणारे. आम्ही नवीन नवीन पिट्सबर्गला आलो तेव्हा माझा मुलगा त्यांचे जुने भाग बघायचा आणि मी त्यांच्यामुळे इंग्रजी शिकले, कारण ते सावकाश बोलत. १९९७ साली त्यांना जीवनगौरव मिळाला. समोर झगमगीत कपड्यांतले सगळे तारे. ते म्हणाले, ज्यांच्या प्रेमामुळे तुम्ही आज जे आहात ते झालात, त्यांची दहा सेकंद आठवण काढा. मी वेळ बघतो. आणि खरंच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला तर चांगले चांगले डोळे पुसत होते.

मला आमच्या सांगलीच्या मावशी आठवल्या. एवढंच.

खारीबिस्कीट
(आज विनोद नाही.)

कोकमसार
नुसतीवाचक, लिहीत जा गं.

शंकासुर
मूळ मुद्द्याकडे येतो. हा डबाच आता रिकामा होत चाललाय. १९७० च्या सुमाराला अमेरिकेत डझनाहून जास्त दुपारच्या मालिका होत्या. १९९५ साली माजी फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसनच्या खुनाच्या खटल्याचं थेट प्रक्षेपण महिनोन्महिने चाललं, मालिका पुन्हा पुन्हा रद्द झाल्या आणि तुटलेला प्रेक्षक पुरता परत आलाच नाही. 'गाइडिंग लाइट' १९३७ साली रेडिओवर सुरू झालेली, २००९ ला बंद पडली. २०१० मध्ये 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स', पुढच्या वर्षी 'ऑल माय चिल्ड्रन'. 'डेज ऑफ अवर लाइव्ह्ज' २०२२ पासून टीव्हीवरून उठून स्ट्रीमिंगवर गेली. आणि स्ट्रीमिंगवर दुपार कुठली न रात्र कुठली? म्हणून २०२१ मध्ये दोन्ही अकादम्यांनी ठरवलं की यापुढे वेळेवरून नव्हे, कार्यक्रमाच्या प्रकारावरून वाटणी. मुलांच्या कार्यक्रमांचे पुरस्कार वेगळे काढले, प्रश्नमंजुषा वगैरे रात्रीवाल्यांकडे गेल्या. सोहळ्याच्या नावात 'डेटाइम' तेवढं उरलंय.

पाटवरवंटा
म्हणजे पंगत उठली, पाट तेवढे मांडलेले.

डोंबिवलीकर_बाहेरचा
पण २०२५ मध्ये 'बियाँड द गेट्स' नवीन सुरू झाली ना? कृष्णवर्णीय श्रीमंत कुटुंबाभोवतीची. १९९९ नंतर मोठ्या वाहिनीवर आलेली ही पहिली नवी दुपारची मालिका. तेव्हा लगेच श्राद्ध घालू नका.

पाटवरवंटा
ज्युलियन मूरचं उदाहरण द्यायचं राहिलं. १९८८ साली 'अ‍ॅज द वर्ल्ड टर्न्स'साठी डेटाइम एमी, पुढे ऑस्कर. आणि २०१० ला ती मालिका बंद व्हायच्या आधी ही एवढी मोठी झालेली बाई पुन्हा त्यात छोटंसं काम करून गेली. डबा कुठलाही असो, तिला त्याची लाज नव्हती.

साडेतीनचा_चहा
हे मात्र मान्य. चला, तुमचं पाचवीचं माफ.

दुपारची_झोप
बाप रे, दोन दिवसांत किती प्रतिसाद! सगळे आईला वाचून दाखवले. 'आज मंगळवार, आज बायको'ला ती इतकी हसली की चष्मा काढून ठेवावा लागला.

कोकमसारनी सांगितलेला १९९९ चा व्हिडिओ पण दाखवला. तिला कोण कुठली काही माहीत नाही, पण लोक उभे राहिल्यावर तिने गवार बाजूला ठेवली. मी सांगितलं, ही एकोणीस वर्षं यायची, म्हणजे एकोणीस नामांकनं, आणि ही पहिली जीत. तर आई म्हणाली, "दर वेळी नवा ड्रेस शिवावा लागला असेल. अठरा ड्रेस फुकट!" मग जरा वेळाने, "नाही पण. फुकट कसे. आली होती ना नटून."

मग २०२३ चं दाखवलं. त्याच शेमार मूरने तिला जीवनगौरव दिला तेव्हाचं. आई म्हणाली, "मुलगा लक्षात ठेवून आहे हो."

पंगतीच्या प्रश्नाबद्दल तिचं मत आता बदललंय. म्हणे, चुली वेगळ्या असल्या तर बरंच, नाहीतर मोठ्या जावेच्या हाताखाली राबण्यात जन्म जातो. (माझ्या काकूच्या संदर्भात असावं. मी खोलात गेले नाही.)

पुढच्या महिन्यात तिचं परतीचं तिकीट आहे. काल अगदी हळू आवाजात विचारत होती की ही मालिका पुण्यात दिसेल का. मी म्हटलं, दिसली नाही तर मी रोज बघून व्हॉट्सअ‍ॅपवर सांगेन. म्हणजे आता लॅपटॉपवर एक खिडकी मीटिंगची आणि एक पोर्ट चार्ल्सची ('जनरल हॉस्पिटल'मधलं गाव).

एडिटवाला
व्हॉइस नोट पाठवा. टाइप केलेल्यात पॉज येत नाही.

खारीबिस्कीट
आणि इथेही धागा काढा हो. निळ्या ड्रेसवालीचं पुढे काय झालं? चार दिवस झाले, जीव टांगणीला लागलाय.

दुपारची_झोप
काल लाल घातला होता. अजून खोटंच बोलतेय.